पार्श्वभूमी : हौशी वैमानिकाने कोणत्या संघटनेचे सभासद व्हावे?

होटगी रस्त्यावरील विमानतळावरून जून २०२५ मध्ये गोव्याची विमानसेवा सुरू झाली, त्यानंतर काही दिवसांनी खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी लागणारे चाळीस तास पुरे करीत असलेला सोलापूरचाच एक तरुण ‘एओपीए’ आणि ‘ईएए’ या दोन अमेरिकी संघटनांचे सभासदत्वाचे अर्ज छापून घेऊन माझ्याकडे आला. दोन्हींची वर्गणी त्याला परवडणारी नव्हती. त्यातली कोणती भरावी, एवढाच त्याचा प्रश्न होता. याचे उत्तर सवलतींच्या यादीत शोधू नये, संघटना कोणत्या अडचणीतून उभी राहिली ते पाहावे, असे मला वाटते. जन्मावेळी अंगावर घेतलेले काम संघटना सहसा सोडत नाही.

आपल्याकडे पहिली अडचण विमान मिळण्याचीच होती, म्हणून सुरुवात क्लबांपासून झाली. १९२७ मध्ये एअरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा स्थापन झाला, पुढच्याच वर्षी बॉम्बे फ्लाइंग क्लब निघाला, आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना मिळालेला, क्रमांक १ असलेला परवाना याच एअरो क्लबाने दिलेला होता. सभासद होणे म्हणजे विमान, शिक्षक आणि हँगर यांत वाटा मिळणे. पुढे परवान्याचा अधिकार सरकारकडे, म्हणजे डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे) गेला.

अमेरिकेत खासगी विमाने मुबलक होती. तिथे प्रश्न नियमांचा होता. मे १९३९ मध्ये, महायुद्ध तोंडावर असताना, विमानमालक आणि वैमानिकांची ‘एओपीए’ (एअरक्राफ्ट ओनर्स अँड पायलट्स असोसिएशन) स्थापन झाली आणि सरकारदरबारी बाजू मांडणे हेच तिचे मुख्य काम राहिले. जानेवारी १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकीत सुरू केलेली ‘ईएए’ (एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन) मात्र घरच्या गॅरेजमध्ये लाकूड आणि कापडाचे पंख जोडणाऱ्यांची होती. अशा विमानाच्या दाराशी ‘एक्सपेरिमेंटल’, म्हणजे प्रायोगिक, हा शब्द ठळक अक्षरांत रंगवावा लागतो, आणि संघटनेच्या नावातही तोच शब्द आहे. १९७० पासून तिचा मेळावा अमेरिकेतल्याच ओशकोश या गावी भरतो.

या दोघींनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यामुळे २०१७ पासून अमेरिकेतल्या बऱ्याच हौशी वैमानिकांना नेहमीच्या डॉक्टरकडून तपासणी करून घेता येते. सोलापूरच्या मुलाला मात्र डीजीसीएच्या नियमांप्रमाणे मेडिकल करूनच घ्यावे लागते. वर्गणीतून मिळणारे बरेचसे संरक्षण समुद्रापलीकडेच राहते.

१५ जून २०२३ रोजी सोलापूर विमानतळाजवळची, विमानांना अडथळा ठरणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली. तोवर चाललेल्या दीर्घ वादात ऊस उत्पादकांची बाजू ऐकली, विमानसेवा मागणाऱ्यांचीही ऐकली. हौशी वैमानिकांची म्हणून एकही बाजू माझ्या कानावर आली नाही. ती मांडायची तर इथलीच संघटना हवी, आणि एओपीए याच नावाची संघटना भारतात आहे. म्हणून मी त्याला सांगितले, की पहिले पैसे क्लबात उड्डाणाच्या तासांवर घाल, नंतरची वर्गणी भारतातल्या एओपीएला दे, आणि स्वतः विमान बांधायला घेशील त्या दिवशी ओशकोशच्या ईएएचा अर्ज भर.