डार्करूमच्या पुड्या: सायनाइड ते फेनिडोन

घरी फिल्म धुणारे बरेच जण तयार डेव्हलपरऐवजी (फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या द्रावणाऐवजी) त्याचे घटक, म्हणजे मेटॉल, हायड्रोक्विनोन आणि सल्फाइट, सुटे आणून ओट्यावरच वजन करतात. या पुड्यांबरोबर हातमोजे, मास्क, लेबल असे नियम येतात. ते कुणी उगाच घालून दिलेले नाहीत, त्यातल्या बऱ्याच नियमांची किंमत आधीच्या छायाचित्रकारांनी आपल्या शरीराने मोजली आहे.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी कलोडियन या चिकट द्रावणाचा थर दिलेली ओली काच आणली. ती वाळण्याआधीच चित्र घेऊन धुवावी लागे, म्हणून रसायनं छायाचित्रकाराच्या घरात आणि तंबूत शिरली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्या सभासदांत होते. हायपो (सोडियम थायोसल्फेट) चांदीचे क्षार विरघळवतो हे जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच दाखवलं होतं. तरीही कलोडियनवाल्यांपैकी अनेकांनी फिक्सिंगसाठी, म्हणजे चित्र पक्कं करण्यासाठी, पोटॅशियम सायनाइड पसंत केलं, कारण ते झटपट काम करी आणि धुऊनही लवकर निघे. सिल्व्हर नायट्रेटने काळे पडलेले हात स्वच्छ करायला सायनाइडचा खडा बोटांवर घासण्याची रीत होती. बोटाला चीर असली तर ते विष थेट रक्तात. शिवाय डेव्हलपरमध्ये ॲसिड असे, आणि सायनाइडला ॲसिड लागलं की विषारी वायू सुटतो. जेलेटिनच्या कोरड्या काचा आल्यावर हे विष हळूहळू घरातून गेलं आणि हायपोचं राज्य सुरू झालं.

पुढचा धोका मात्र चटकन दिसणारा नव्हता. हायड्रोक्विनोन १८८० मध्ये विल्यम ॲबनी यांनी डेव्हलपर म्हणून वापरलं, १८९१ मध्ये मेटॉल बाजारात आलं. मेटॉलने कुणी तडकाफडकी मरत नाही. आधी बोटं कोरडी पडतात, मग खाज सुटते, कातडी भेगाळते. त्वचेने एकदा मेटॉलशी वैर धरलं की पुढे अगदी थोड्या स्पर्शानेही त्रास होतो, आणि काहींना ते कायमचं सोडावं लागलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा धडा हाच आहे, कारण पहिली पन्नास रोलं काही झालं नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो. यावरचा उतारा इलफर्ड या ब्रिटिश फिल्म कंपनीच्या जे. डी. केंडल यांच्या कामातून निघाला. फेनिडोन या दुसऱ्या रसायनाचे डेव्हलपर म्हणून गुण १९४० च्या सुमारास कळले. मेटॉलच्या साधारण दहाव्या हिश्श्यात ते काम भागवतं आणि त्वचेला बरंच कमी छळतं. मेटॉलने खाज सुटणाऱ्याने फेनिडोनच्या सूत्राकडे जावं, हातमोजे मात्र तेव्हाही काढू नयेत.

आपल्याकडे दादासाहेब फाळके यांच्या दादरच्या घरात सरस्वतीबाई फिल्मला छिद्रं पाडायच्या आणि धुण्याची रसायनंही कालवायच्या. घरातल्या बायकांनी केलेलं हे काम नोंदीत क्वचितच येतं.

१९२७ मध्ये कोडॅकने डी-७६ या डेव्हलपरचं सूत्र दिलं: एका लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. १०९ ग्रॅमांतली १०० सल्फाइटची! म्हणजे पाकीट उघडताना जी धूळ उडते ती मुख्यतः सल्फाइटची, आणि दम्याच्या माणसाला सल्फाइट चांगलंच बाधू शकतं. हायड्रोक्विनोनच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या डोळ्यांच्या बुब्बुळांवर डाग पडल्याचं विसाव्या शतकात दिसून आलं. घरची मात्रा तेवढी नसते, पण चष्मा लावायला हे कारण पुरेसं आहे. म्हणून आधी भांड्यात पाणी घ्यावं आणि पावडर पाण्याच्या अगदी जवळून, हळू सोडावी. खिडकी उघडी, पंखा बंद, तोंडावर धुळीचा मास्क. सांडलेलं कोरडं झाडू नये, ओल्या फडक्याने टिपावं. काटा आणि चमचे पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नयेत, आणि खरं तर वजनही ओट्यावर करू नये.

साठवणीत आपला मोठा शत्रू पावसाळा. दमट हवेत सल्फाइटचं हळूहळू सल्फेट होतं आणि डेव्हलपरचं रक्षण करण्याचा त्याचा गुण जातो. मेटॉल तपकिरी पडतं. झाकण घट्ट बसणाऱ्या गडद बाटल्या, वर नाव आणि तारीख, आणि जागा मुलांच्या हाताबाहेरची. लोणच्याची बरणी किंवा सरबताची बाटली कधीच नको. हायपोचे स्फटिक सुमारे ४८ अंशांना वितळतात, तेव्हा विदर्भात पत्र्याखालच्या माळ्यावर त्यांचा गोळाच होईल. हायपोजवळ ॲसिड ठेवू नये, कारण दोन्ही मिसळली तर सल्फर डायऑक्साइड सुटतो. चित्र फिकं करायला वापरलं जाणारं पोटॅशियम फेरिसायनाइड नावाइतकं भयंकर नाही, पण तीव्र ॲसिडाबरोबर तापलं तर सायनाइडचा तोच जुना वायू देऊ शकतं. डायक्रोमेट हे आणखी एक डार्करूमचं रसायन कर्करोगकारक आहे, ते घरात आणूच नये असं मला ठामपणे वाटतं.

१९९६ मध्ये कोडॅकने एक्सटॉल हा डेव्हलपर आणला. त्यात हायड्रोक्विनोनची जागा क जीवनसत्त्वाच्या जातीच्या रसायनाने घेतली. तरी तीही पावडरच, मास्क त्यालाही लागतो. शिवाय कुठल्याही तयार पाकिटातली अर्धीच पावडर काढून वापरू नये. हलवाहलवीत जड-हलके कण वेगळे होतात आणि दोन्ही अर्ध्यांत प्रमाण बिघडतं, म्हणून पाकीट उघडलं की ते पूर्ण कालवावं आणि द्रावण गच्च भरलेल्या छोट्या बाटल्यांत वाटून ठेवावं.