गिअर मँड्रेल

गिअर मँड्रेल : दात पाडताना गिअरचा ब्लँक (दात नसलेली चकती) ज्या दांड्यावर घट्ट बसवतात, तो दांडा. मोठ्या कारखान्यांत कडक करून ग्राइंड केलेली मँड्रेल हाताशी असतात. घरच्या यंत्रशाळेत लहान लेथ, मिलिंग मशीन आणि डिव्हायडिंग हेड (काम मोजून समान भागांत फिरवणारे साधन) एवढ्यावर भागवायचे असते. मग बोअरच्या (ब्लँकच्या मधल्या भोकाच्या) मापाचे मँड्रेल आपणच टर्न करावे, म्हणजे लेथवर कातावे लागते. हौशी माणूस चांगल्या कटरला पैसे मोजतो आणि मँड्रेलला मात्र भंगारातला कोणताही तुकडा लावतो. पुढे गिअर कुरकुरला की दोष कटरला!

गिअर बोअरवर फिरतो, म्हणून दातांचे वर्तुळ बोअरशी एककेंद्री हवे. केंद्र ०.०५ मिमी सरकले तर डायल (सूक्ष्म फरक दाखवणारे मापक) एका फेऱ्यात ०.१० मिमी दाखवतो, आणि जोडीच्या गिअरशी दात फेऱ्यातून एकदा आवळतात, एकदा सैल पडतात. ब्लँकच्या कडेला डायल लावून समाधान मानू नये. कड वेगळ्या सेटिंगमध्ये टर्न झाली असेल, तर ती आणि बोअर यांचे केंद्र एकच असेल याची खात्री नाही. डायल मँड्रेलच्या बैठकीवरच, म्हणजे ब्लँक बसतो त्या भागावरच लावावा.

सर्वांत भरवशाचे मँड्रेल दोन सेंटरांमधले, म्हणजे दोन टोकदार आधारांमध्ये धरलेले. माइल्ड स्टीलच्या दांड्याला दोन्ही टोकांना सेंटर ड्रिल मारून तो लेथवर सेंटरांमध्येच फिनिश करतात. तोच पुढे डिव्हायडिंग हेड आणि टेलस्टॉकमध्ये (दुसऱ्या टोकाच्या आधारात) चढवला तरी अक्ष तोच राहतो. १ मॉड्यूल (दाताच्या आकाराचे माप), ३० दात आणि १२ मिमी बोअरचा गिअर घेऊ. ब्लँकचा बाहेरचा व्यास ३२ मिमी, दाताची खोली २.२५ मिमी, म्हणजे तळाचा व्यास २७.५ मिमी. बैठक अशी आणायची की तेलाचे बोट फिरवल्यावर ब्लँक हाताने सरकेल, पण डुलणार नाही. तिची लांबी ब्लँकच्या जाडीपेक्षा किंचित कमी ठेवावी, नाहीतर नट ब्लँकला न आवळता बैठकीच्या टोकाशी अडतो. खांद्याच्या (बैठकीलगतच्या जाड पायरीच्या) कोपऱ्यात बारीक खाच घेतली की ब्लँक सपाट टेकतो. दोन्ही बाजूंना २७ मिमीच्या आधारचकत्या घालाव्यात. त्या कटरच्या वाटेत येत नाहीत आणि पातळ ब्लँक थरथरत नाही. कटरचा रेटा खांद्याकडे यावा, नटाकडे नव्हे.

४०:१ च्या हेडवर (हँडलचे ४० फेरे म्हणजे स्पिंडलचा एक) या गिअरला दर दातामागे हँडलचा एक पूर्ण फेरा आणि १८ भोकांच्या वर्तुळावर ६ भोके लागतात. हे बिनचूक मोजले तरी कॅरिअरची (मँड्रेलला पकडून हेडबरोबर फिरवणाऱ्या पकडीची) शेपटी हेडच्या खाचेत ढिली असेल तर मँड्रेल तेवढे मागेपुढे होते आणि दातांची जाडी कमीजास्त भरते. शेपटी दोन्ही बाजूंनी स्क्रूने जखडावी. शिकवताना यावर फारसा भर दिला जात नाही.

हेडच्या स्पिंडलला लेथसारखाच मोर्स टेपर (प्रमाणित मापाचे निमुळते भोक) असेल तर टेपरच्या शेपटीचे आखूड मँड्रेल सोयीचे. ते लेथच्या स्पिंडलमध्ये बसवून टर्न करायचे आणि ड्रॉबारने (स्पिंडलमधून मागून ओढणाऱ्या लांब बोल्टने) ओढून हेडमध्ये घट्ट करायचे. व्यास लहान असेल तर मोकळ्या टोकाला टेलस्टॉकचा आधार द्यावाच. तो नसेल तर दांडा वाकतो आणि दात उथळ राहतात.

घड्याळांच्या पातळ पितळी चाकांना नटाचा दाब सोसत नाही. ती पितळेच्या सपाट तोंडाच्या आर्बरवर (मँड्रेलसारख्याच दांड्यावर) लाखेने चिकटवतात आणि दात पाडून झाले की आर्बर तापवून सोडवून घेतात.