थर्माकोल विरघळतो, नळी उरते

घरी बांधलेल्या विमानातली सगळ्यात अडचणीची जागा म्हणजे इंजिनाभोवतीची. तिथे हवेला दोन कामं असतात. इंजिनात शिरून पेट्रोल जाळायचं आणि बाहेरून सिलिंडर थंड ठेवायचे. वाटेत एक्झॉस्ट, तारा, आधाराचे दांडे. शिवाय प्रत्येक विमान थोडं वेगळं, त्यामुळे हवा नेणारी तयार नळी तिथे सहसा बसत नाही. मग ती घरीच करतात. (आपल्याकडे घरचं विमान म्हटलं की कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव आठवतात. अमेरिकेत मात्र हा जुना, रीतसर छंद आहे.)

अमेरिकेतले विमान-रचनाकार बर्ट रुटान यांच्या ‘व्हेरीईझी’ या घरी बांधायच्या विमानाने १९७५मध्ये पहिली झेप घेतली आणि फोम, काचेच्या धाग्यांचं कापड आणि इपॉक्सी (कडक होणारं चिकट रेझिन) हे त्रिकूट हौशी लोकांच्या हाती आलं. नळी करताना आधी तिच्या आतली पोकळी घडवायची, म्हणजे हवेचाच आकार. थर्माकोलच्या जातीचा, पण दाणे न सुटणारा फोम घेऊन तापलेल्या तारेने कापायचा, गणपतीच्या मखरासाठी कापत असत तसाच. मग पॉलिश पेपरने घासून वळणं गुळगुळीत करायची. त्यावर रेझिनमध्ये भिजवलेलं कापड गुंडाळायचं, तेही तिरकं. धागे तिरके राहिले की कापड ताणलं जातं आणि वळणावर चुण्या पडत नाहीत. तीन थर मिळून जाडी जेमतेम १ मिलिमीटर.

रेझिन कडक झालं की आत अ‍ॅसिटोन हे द्रावक ओतायचं. हा फोम ज्या प्लास्टिकचा असतो, त्या पॉलिस्टायरीनच्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधलेल्या नसतात, म्हणून अ‍ॅसिटोन त्या सुट्या करतं आणि फोमचा चिकट लगदा होतो. इपॉक्सीच्या साखळ्या मात्र कडक होताना आपसांत जोडल्या जातात, त्यामुळे नळी शाबूत राहते. स्वस्तातलं पॉलिएस्टर रेझिन इथे चालत नाही. त्यातलं स्टायरीन कापड चढवतानाच फोम खायला लागतं.

आकाराचंही एक शास्त्र आहे. थंड करणारी हवा नळीत सावकाश पसरली तर तिचा वेग कमी होऊन दाब वाढतो आणि तोच दाब तिला सिलिंडरवरच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्यांमधून ढकलतो. गोल नळीच्या दोन बाजूंमधला कोन साधारण ७ अंशांच्या फार पुढे गेला, तर हवा भिंत सोडते आणि भोवरे करत बसते. जागेच्या टंचाईत हे ७ अंश पाळणं ही खरी डोकेदुखी.

पण माझ्या मते हवेपेक्षाही अवघड प्रश्न उष्णतेचा आहे. प्रत्येक रेझिनचं, प्लास्टिकचं मऊ पडण्याचं एक तापमान असतं. खोलीच्या तापमानाला कडक झालेलं इपॉक्सी तापत्या इंजिनाशेजारी लवकर नरमतं. म्हणून तयार नळी बल्ब लावलेल्या पेटीत किंवा भट्टीत हळूहळू तापवतात. तशाने साखळ्यांची जोडणी पुरी होते आणि ही मर्यादा वर सरकते.

हे गांभीर्याने का घ्यायचं, ते १८ मार्च २०२५ रोजी इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर विमानतळावर दिसलं. ‘कोझी मार्क ४’ हे घरगुती विमान उतरत असताना इंजिनाची ताकद गेली. विमान धावपट्टीपर्यंत पोहोचलंच नाही आणि जमिनीवरच्या यंत्रणेवर आदळलं. इंजिनाला हवा पुरवणारी नळी थ्रीडी प्रिंटरवर छापलेली होती. ती उष्णतेने मऊ पडली आणि चेपली. इंजिन हवा ओढतं तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे नरमलेली भिंत आतच बसणार. मालकाला हे प्लास्टिक १०५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकेल असं सांगितलं होतं. ब्रिटिश तपासकांनी नमुने तपासले, तेव्हा आकडा ५३-५४ अंशांच्या आसपास निघाला.

मूळ आराखड्यात ही नळी काचेचं कापड आणि इपॉक्सीची आहे. शिवाय तिच्या तोंडाशी पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचा तुकडा आहे, जो उष्णतेने नरमत नाही आणि तोंड उघडं धरून ठेवतो. छापलेल्या नळीत तो नव्हता.