एमआरआयच्या बोगद्यात पडदा कसा शिरला

एमआरआय काढायला नागपूरच्या मेडिकलला (सरकारी रुग्णालयात) किंवा धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी दवाखान्यांत येणारी पुष्कळ माणसं नागपूरची नसतात. गोंदिया, गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून पहाटेची बस धरून ती येतात, मंगळसूत्र, बाळ्या, कमरेचा करगोटा काढून नातेवाइकांच्या हवाली करतात, आणि त्या अरुंद नळकांड्यात सरकताना अनेकांचा धीर सुटतो. जगात काही ठिकाणी आता आत पडल्यावर आरशात समुद्र, जंगल नाहीतर कार्टून दिसतं. रुग्णाची कीव येऊन कुणीतरी ही सोय केली असावी, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात यंत्राला हवी होती निश्चल मान, आणि चित्र आत नेण्याचे बरेचसे मार्ग शोधले ते मेंदूच्या अभ्यासकांनी, स्वतःच्या कामासाठी.

३ जुलै १९७७ रोजी न्यूयॉर्कमध्ये रेमंड डमेडियन या अमेरिकी डॉक्टरांच्या चमूने माणसाच्या छातीचं पहिलं एमआरआय स्कॅन केलं. आधी डमेडियन स्वतःच यंत्रात बसले होते, पण त्यांच्या अंगलटीमुळे सिग्नल मिळेना. मग सडपातळ सहकाऱ्याला बसवलं. तो जवळजवळ पाच तास बसून होता. ऐंशीच्या दशकात यंत्रं रुग्णालयांत आली तेव्हा वेळ तासाच्या आत आला, मात्र साधारण ६० सेंटिमीटर रुंदीचा बोगदा आणि आवाज कायम राहिले. यंत्रातल्या तारांच्या वेटोळ्यांमधला, म्हणजे ग्रेडियंट कॉइलमधला, विद्युतप्रवाह झपाट्याने बदलतो, प्रबळ चुंबकीय क्षेत्रात त्या कॉइल थरथरतात, आणि काही स्कॅनमध्ये आवाज ११० डेसिबलच्या आसपास जातो.

मग आत एक टीव्ही का लावला नाही? एमआरआय यंत्र म्हणजे मोठं चुंबकच, आणि दीड टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकीय बळाचं माप) चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३० हजार पट बलवान असतं. लोखंड त्या खोलीत नेलं तर काय होतं ते महाराष्ट्राने जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात पाहिलं. ऑक्सिजनच्या सिलिंडरसकट ओढला गेलेला तरुण दगावला. शिवाय तेव्हाच्या टीव्हीत चित्र उमटवणारा इलेक्ट्रॉनचा झोत चुंबकाजवळ वाकतो, म्हणजे पडद्यावर चित्राऐवजी रंगांचा गोंधळ. तिसरी अडचण उलट बाजूची. शरीरातून येणारा सिग्नल अतिशय क्षीण, दीड टेस्लाला सुमारे ६४ मेगाहर्ट्झचा. बाहेरच्या रेडिओ लहरी त्यात मिसळू नयेत म्हणून खोलीच्या भिंतींत तांब्याचा पत्रा बसवतात. अशा खोलीत साधी वायर ओढली, तर ती अँटेनासारखी बाहेरचा गोंगाट आत आणते आणि फिल्मवर रेघा उमटतात.

म्हणून आधी आत शिरलं ते संगीत, तेही हवेतून. स्पीकर चुंबकापासून लांब ठेवायचा आणि पोकळ प्लॅस्टिकच्या नळीतून आवाज कानापर्यंत न्यायचा. विमानांतही एके काळी असेच नळीचे हेडफोन मिळत. आवाज मात्र दबका येई, विहिरीत कुणी गातंय असा. जर्मनीतल्या माग्डेबुर्गच्या संशोधकांनी यावर काढलेला तोडगा मला या सगळ्या इतिहासात सर्वांत देखणा वाटतो. साध्या हेडफोनमध्ये स्वतःचं छोटं चुंबक असतं. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या रचनेत ते काढूनच टाकलं होतं. त्याचं काम यंत्राचं चुंबक करत होतं. जी अडचण होती, तीच कामाला लावली.

डोळ्यांसाठी सुरुवातीला आरसा किंवा प्रिझमचा चष्मा असे. पाठीवर झोपूनही पायांपलीकडची खोली दिसावी एवढाच त्याचा उपयोग, पण तेवढ्यानेही घुसमट कमी होते. खरं वळण आलं १९९० नंतर. मेंदूचा जो भाग काम करतो तिथल्या रक्तातल्या ऑक्सिजनमध्ये फरक पडतो, आणि तो फरक एमआरआयमध्ये दिसतो हे जपानी संशोधक सेइजी ओगावा यांनी दाखवलं आणि पाहताना, वाचताना मेंदूचा कोणता भाग जागा होतो, हे तपासण्याची धांदल उडाली. त्यासाठी झोपलेल्या माणसाला चित्रं दाखवणं भाग होतं. मग प्रोजेक्टर खोलीबाहेर ठेवून धातूच्या नळीतून किंवा खिडकीतून प्रकाश आत सोडला, बोगद्याच्या टोकाला पडदा लावला, सिग्नल टिपण्यासाठी डोक्याभोवती बसवतात त्या कॉइलला आरसा जोडला. पुढे एलसीडीचे आणि ऑप्टिकल फायबरचे गॉगल आले. फायबरमधून प्रकाश जातो, त्यामुळे रेडिओ लहरींचा प्रश्नच मिटतो. प्रयोगशाळेत एवढी तयारी झाल्यावर त्याच वाटेने रुग्णाला सिनेमा दाखवणं कंपन्यांना अवघड गेलं नाही.

लहान मुलांच्या विभागात हे सामान सर्वांत आधी सार्थकी लागलं. फिलिप्सने या शतकाच्या पहिल्या दशकात दिवे, आवाज आणि चित्रं एकत्र करून अख्खी खोली बदलायला घेतली. जीई या अमेरिकी कंपनीच्या डग डाएट्झ यांनी आपणच घडवलेल्या यंत्रासमोर एक मुलगी रडताना पाहिली आणि पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयात स्कॅनरच्या खोल्यांना समुद्री चाच्यांचं जहाज वगैरे रूप दिलं. संशोधकांनाही मुलं हलू नयेत असंच वाटत होतं. २०१५ मध्ये सात मिनिटांची एक चित्रफीत खास त्यासाठी बनवली गेली: नुसते सावकाश बदलणारे आकार, गोष्ट नाही. त्यामागचा विचार असा, की मूल गुंतावं, पण मेंदू फार ढवळला जाऊ नये. विनोदी फिल्म मात्र जपून लावावी. मूल हसलं की डोकं हललंच.

विदर्भाच्या बाबतीत मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. इथे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण मोठं आहे. त्यातली काही मुलं लकव्याच्या शंकेने, काही खुब्याच्या दुखण्याने एमआरआयपर्यंत येतात. मूल स्वस्थ पडत नसेल तर भूल द्यावी लागते. म्हणजे सकाळपासून उपाशी, भूलतज्ज्ञाची वेळ, नंतर शुद्धीवर येईपर्यंत देखरेख, आणि गडचिरोलीतल्या दूरच्या भामरागडहून आलेल्या बापासाठी चुकलेली बस नि नागपुरात आणखी एक मुक्काम. कार्टूनने यातली थोडी भूल जरी वाचवली तरी ती चैन म्हणता येणार नाही. दुसरी गोष्ट भाषेची. ‘हलू नको बेटा’ हे माडिया ही तिकडची आदिवासी भाषा बोलणाऱ्या पोराला मराठीत सांगून काय उपयोग? मासे पोहताना पाहायला भाषा लागत नाही.

अशा सोयींचं सामान बहुतेक परदेशी, म्हणून महाग. यंत्राच्या बाबतीत मात्र एक बदल जवळच घडला आहे. बंगळूरच्या व्हॉक्सेलग्रिड्स कंपनीचा देशी बनावटीचा स्कॅनर २०२५ मध्ये चंद्रपूरच्या कर्करोग रुग्णालयात बसला. दरम्यान स्कॅनही झपाट्याने आखूड होत चालले आहेत. नव्या यंत्रांवर गुडघ्याचं काम दहा मिनिटांच्या आत उरकू शकतं. एवढ्यात सिनेमा रंगत नाही. म्हणून काही नव्या पडद्यांवर चित्राबरोबर किती वेळ उरला तेही दाखवतात, आणि मोठ्या माणसांना, माझ्या मते, माशांपेक्षा तो आकडाच जास्त धीर देतो.