निवळ पाणी आणि निर्जंतुक पाणी, निर्वासितांच्या कॅम्पमध्ये हा फरक जीवावर बेततो

पावसाळ्यात आमच्या गावी नळाला चहासारखं पाणी यायचं. आजी घागरीत तुरटीचा खडा पाच-सात वेळा गोल फिरवायची आणि वर फडकं बांधून ठेवायची, सकाळी बघावं तर वर काचेसारखं पाणी आणि तळाला बोटभर गाळ. "झालं पाणी चांगलं" म्हणायची आणि आम्ही प्यायचो. ते चांगलं झालेलं नसायचं, निवळ झालेलं असायचं. या दोन शब्दांतला फरक मला नीट कळला तो युद्धातून पळून आलेल्या लोकांच्या कॅम्पमधल्या पाण्याबद्दल वाचायला लागले तेव्हा.

तुरटी काय करते तर पाण्यात कापसासारखे चिकट पुंजके तयार करते, मातीचे कण त्याला चिकटतात, जड होतात आणि खाली बसतात. त्यांच्याबरोबर बरेच जंतूही खाली जातात, म्हणून तुरटी निरुपयोगी आहे असं कुणी समजू नका. पण बरेच म्हणजे सगळे नव्हेत. कॉलऱ्याचे जंतू किंवा हिपॅटायटिस ईचा विषाणू आरपार दिसणाऱ्या पाण्यातही असू शकतात आणि डोळ्याला काही म्हणजे काही कळत नाही.

क्लोरीनचं काम वेगळं. आपल्याकडे ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल पावडर टाकतो तेच हे. क्लोरीन जंतू मारतं पण गाळ काढत नाही, आणि पाणी गढूळ असेल तर मातीतला पालापाचोळा, शेण-घाण यांच्यावरच ते खर्च होऊन जातं, जंतू मातीच्या कणांआड सुखरूप राहतात. म्हणून एक केलं की दुसरं नको असं होत नाही, आणि क्रमही उलटा करून चालत नाही, आधी निवळायचं मग क्लोरीन. मदतकार्यात पाळले जाणारे स्फिअरचे निकष आहेत त्यातही दोन्ही आकडे शेजारी शेजारी येतात, गढूळपणा ५ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) खाली आणि लोकांच्या हातात पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक.

यातलं "शिल्लक" फार महत्त्वाचं आहे.

किती टाकलं याला तसा अर्थ नसतो, कारण प्रत्येक पाणी आपापल्या घाणीप्रमाणे क्लोरीन खातं. म्हणून आधी चार-पाच बादल्यांत कमी-जास्त डोस टाकून अर्धा तास थांबतात आणि कुठल्या बादलीत हवं तेवढं उरलं ते बघतात. मग पाणवठ्यावर एक माणूस सिरिंज घेऊन उभा राहतो आणि येणाऱ्या प्रत्येक कॅनमध्ये तो डोस सोडतो, एक टक्क्याचं द्रावण २० लिटरला ५ मिली म्हणजे लिटरमागे अडीच मिलिग्रॅम. कॅन घेऊन चाललेल्या बाईला सांगायचं की अर्धा तास थांबून मगच प्या, आता उन्हात लाइन लावून आलेल्या आणि कडेवर तहानलेलं मूल असलेल्या बाईला हे सांगणं किती अवघड आहे बघा. तपासायला छोट्या डबीत पाणी घेऊन एक गोळी टाकतात, क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं. आपल्या गावातल्या ओटी टेस्टला पिवळं होतं, तत्त्व तेच.

ही दोन पाणी एकच समजली की काय होतं त्याचं सगळ्यात भयानक उदाहरण गोमा. जुलै १९९४, रवांडातून लाखो लोक काही दिवसांत सीमा ओलांडून तेव्हाच्या झाईरमधल्या (आताचा डीआर काँगो) या गोमा शहरापाशी आले. जमीन ज्वालामुखीच्या दगडाची, ना विहीर खणता येते ना संडासाचा खड्डा, समोर किवू सरोवर. लोक तिथलंच पाणी भरायचे आणि शौचालाही मोकळ्यावरच बसायचे. पहिल्याच महिन्यात जवळजवळ ५०,००० माणसं गेली, बहुतेक कॉलरा आणि आमांशाने. सरोवरात पाण्याची कमतरता अजिबात नव्हती हो, मला ते वाचून अजून कसंतरी होतं.

२०१७ मध्ये म्यानमारमधून सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात कॉक्स बाजारला आले तिथे गोष्ट अजून फसवी होती. घाईघाईत उथळ हातपंप बसवले, पाणी वर आलं स्वच्छ, थंड, वास नाही काही नाही. पण दाटीवाटीत संडास त्याच्या शेजारीच, खरं तर निदान ३० मीटर अंतर लागतं, आणि तपासण्यांमध्ये विष्ठेतले जंतू सापडले. आणि पंपापेक्षा घरातल्या भांड्यातलं पाणी जास्त खराब निघालं. तिथे भांड्याला कोलशी म्हणतात, म्हणजे आपली कळशीच.

भांडं हा निवळ आणि निर्जंतुक यांच्यातला खरा फरक दाखवून देतो असं मला वाटतं. निवळलेलं पाणी घरी नेलं तरी निवळच राहतं, त्यात कुणी हात घातला तरी दिसायला तसंच. क्लोरीनचं तसं नाही, ते वाटेत संपत जातं, उन्हात जास्तच लवकर. २०१३ मध्ये दक्षिण सुदानमधल्या निर्वासित कॅम्पमध्ये नळापासून घरापर्यंत पाण्याच्या मागे मागे जाऊन मोजलं तेव्हा दिसलं की नळावर निकषात बसणारं पाणी काही तासांत घरात बिनसंरक्षणाचं होतं. नळावर पास आणि तोंडापाशी नापास! म्हणून तिथे नळावरच लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवा असं सुचवलं गेलं. पण फार वाढवलं की औषधाचा वास येतो आणि लोक सरळ नदीवर जातात, त्यांना तरी काय दोष द्यायचा, जे स्वच्छ दिसतं आणि गोड लागतं ते चांगलं हे आपण सगळेच लहानपणापासून शिकलोय.

आणि मुलांच्या पोषणाचा यात काय संबंध विचाराल तर फार आहे. अतिकुपोषित मुलांना देतात ती शेंगदाण्याची पेस्ट, ९२ ग्रॅमचं पाकीट, ५०० कॅलरी. मुद्दामच अशी बनवलीय की त्यात पाणी मिसळावं लागत नाही, म्हणजे खराब पाण्याचा धोका खाण्यातून गेला. पण पेस्ट खाल्ल्यावर मूल पाणी मागणारच की. ते निवळ पण निर्जंतुक नसलेलं असेल तर जुलाब, आणि आठवडाभर कमावलेलं वजन दोन दिवसांत जातं.

घरातला उपाय तसा साधा आहे. मलावीत मोझांबिकच्या निर्वासितांच्या कॅम्पमध्ये १९९३ साली काही घरांना झाकण आणि तोटी असलेल्या बादल्या दिल्या, म्हणजे आत हात जाणारच नाही. पाच वर्षांखालच्या मुलांचे जुलाब ३१ टक्क्यांनी कमी झाले. आमच्या आजीकडे लांब दांड्याचं ओगराळं होतं, पण ते खुंटीलाच लटकलेलं असायचं आणि आम्ही पोरं सरळ घागरीत फुलपात्र बुडवायचो.