युरेल की इंटररेल? जोडीनं स्कँडिनेव्हिया फिरताना कुणी कोणता पास घ्यायचा

स्कँडिनेव्हियात रेल्वेनं फिरायचा बेत ठरला की पहिल्या तासाभरातच दोन नावं समोर येतात: युरेल आणि इंटररेल, म्हणजे ठरावीक दिवस युरोपात रेल्वेनं फिरायचे पास. दोघांकडेही ‘ग्लोबल पास’ आहे, दोघांतही तेच 33 देश आहेत आणि किमतीही जवळपास सारख्याच. मग ओळखीतलं कुणी सांगतं, इंटररेल घ्या, स्वस्त पडतो. दुसरं कुणी ठामपणे सांगतं, भारतीय पासपोर्टवर इंटररेल मिळतच नाही. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, पण ते कुठून आले हे पाहिलं की फरक आपोआप कळतो.

दोन्ही पास आज एकच कंपनी विकते, नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट शहरातली युरेल बी. व्ही. जन्म मात्र वेगवेगळा. युरेल 1959 मध्ये आला तो युरोपबाहेरून येणाऱ्या पर्यटकांसाठी. इंटररेल 1972 चा, युरोपातल्याच तरुणांसाठी, आणि सुरुवातीला त्याची वयोमर्यादा 21 होती. बरीच वर्षं दोघांच्या किमती आणि नियम निराळे होते. ‘इंटररेल स्वस्त’ ही समजूत त्या काळातली आहे. आता गाड्या त्याच, ॲप तेच आणि टीसी स्कॅन करतो तो क्यूआर कोडही तसाच.

राहता राहिला प्रश्न कुणाला कोणता. याचं उत्तर पासपोर्टच्या रंगात नाही, घराच्या पत्त्यात आहे. तुम्ही पुण्यात, नागपुरात, दुबईत किंवा न्यू जर्सीत राहत असाल तर युरेल. तुम्ही भारतीय नागरिक आहात, पण नोकरी किंवा शिक्षणासाठी म्युनिक, डब्लिन किंवा लंडनमध्ये राहता आणि तिथला रहिवासाचा कागद तुमच्याकडे आहे, तर इंटररेल. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं असलं तरी या हिशेबात ते युरोपातच धरलं जातं.

इथवर सगळं सोपं आहे. खरा गुंता होतो तो दोघांचे पत्ते वेगळे असतात तेव्हा, आणि आपल्याकडे ही वेळ वाटते तेवढी दुर्मीळ नाही. समजा, नवरा कंपनीच्या कामासाठी दोन वर्षं स्टॉकहोममध्ये आहे आणि बायको सुट्टी काढून पुण्याहून जाते आहे. तिला युरेल, त्याला इंटररेल. दोघं एकाच डब्यात शेजारी बसू शकतात, पण एक नियम फक्त त्याला लागू होतो: इंटररेलच्या ग्लोबल पासवर स्वतःच्या राहत्या देशात दोनच प्रवास करता येतात, एक देशाबाहेर पडतानाचा आणि एक परत येतानाचा. तेही पासमधल्या प्रवासाच्या दिवसांतच मोजले जातात. युरेलवाल्याला अशी अडचण नाही, कारण त्याचं घरच युरोपात नाही.

म्हणजे दोघांनी मिळून माल्मो, गोथेनबर्ग, किरुना असे स्वीडनमध्ये तीन मुक्काम ठरवले, तर बायकोचा पास सगळीकडे चालेल आणि नवऱ्याला दोन प्रवासांनंतर खिशातून तिकिटं काढावी लागतील. नुसता स्वीडनचा वेगळा पास घेऊन ही अडचण सुटत नाही, कारण इंटररेलचा एका देशापुरता पास आपल्याच देशासाठी मिळत नाही. याला उपाय एकच, मार्ग गोल आखायचा. स्टॉकहोमहून ओस्लो, तिथून ट्रॉनहाइम, मग उत्तरेला बोडो, बोडोहून बसनं नार्विक आणि नार्विकहून रात्रीच्या गाडीनं परत स्टॉकहोम. यात स्वीडन फक्त पहिल्या आणि शेवटच्या टप्प्यात येतो, त्यामुळे नवऱ्याचे दोन्ही प्रवास नेमके बसतात. वाटेत किरुनाला उतरून एक दिवस राहायचा मोह झाला, तर मात्र पुढचं तिकीट वेगळं.

दोघंही भारतातून जात असतील तर त्यांच्यासाठी एक जास्तीचा पर्याय आहे. युरेलचा ‘स्कँडिनेव्हिया पास’ डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड या चार देशांपुरता आहे आणि त्यामुळे ग्लोबलपेक्षा स्वस्त आहे. महिनाभराच्या मुदतीत ठरावीक दिवस प्रवास, अशी त्याची रचना. जर्मनी किंवा नेदरलँड्स जोडायचा विचार नसेल तर ग्लोबल पाससाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. फिनलंड यादीत आहे म्हणून तिकडे थेट गाडीनं जाता येईल असं मात्र समजू नका. फिनलंडचे रूळ 1524 मिलिमीटरचे, स्वीडनचे 1435 चे. स्टॉकहोमहून तुर्कू किंवा हेलसिंकीला बोटीनंच जायचं. दोन आठवड्यांच्या सहलीत मी फिनलंड सरळ वगळेन.

जोडप्यासाठी काही सवलत? नाही. पूर्वी एकत्र प्रवास करणाऱ्यांसाठी युरेलचा ‘सेव्हर पास’ असायचा, तो बंद झाला. आता प्रत्येकाचा पास स्वतंत्र आणि सवलत वयावर: 27 वर्षांपर्यंत तरुणांचा दर, 60 पासून ज्येष्ठांचा. त्यामुळे सव्वीस वर्षांची बायको आणि एकोणतीस वर्षांचा नवरा यांच्या पासांच्या किमती वेगळ्या येतील. ‘कपल’ असा पर्याय शोधण्यात वेळ घालवू नका.

युरेल घ्या की इंटररेल, एक गैरसमज दोन्हीकडे सारखाच महागात पडतो. आपल्याला पास म्हटलं की मुंबई लोकलचा मासिक पास आठवतो: खिशात टाकला की कुठल्याही गाडीत चढायचं. कोपनहेगन–माल्मोच्या मार्गावर आणि डेन्मार्कच्या देशांतर्गत गाड्यांत जवळपास तसंच आहे. पण स्वीडनच्या जलद गाड्यांना पासधारकालाही वेगळं आरक्षण सक्तीचं आहे. नॉर्वेत ओस्लो–बर्गनसारख्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत उन्हाळ्यात ते आधीच करून ठेवावं. रात्रीच्या गाडीत बर्थ हवा तर त्याचे पैसे निराळे. पासचे पैसे म्हणजे भाडं, जागेचे पैसे वेगळे. भारतात तिकीट आणि बर्थ एकाच कागदावर येतात, म्हणून हे पटकन लक्षात येत नाही.

आता बजेट. गेल्या काही वर्षांत चार दिवसांचा प्रौढांचा सेकंड क्लास ग्लोबल पास 280–300 युरोच्या घरात आहे, म्हणजे प्रवासाचा एक दिवस साधारण 70 युरोला पडतो. दिवस वाढले की दर उतरतो. सात दिवसांच्या पासात तो 55 च्या आसपास येतो. दुसऱ्या बाजूला ओस्लो–बर्गनचं तिकीट दोन-तीन महिने आधी काढलं तर 400–500 नॉर्वेजियन क्रोनरमध्ये, म्हणजे 40 युरोच्या आसपास मिळून जातं. ऐन वेळी तेच हजार क्रोनरच्या वर जातं. नवरा-बायकोंची सुट्टी आधीच मंजूर आहे, हॉटेलं ठरली आहेत आणि मोठे टप्पे तीन-चारच आहेत, अशा वेळी माझं मत सरळ आहे: ना युरेल, ना इंटररेल, आगाऊ तिकिटं काढा. पाऊस पाहून बेत बदलायचा असेल, रोज लांबचा पल्ला गाठायचा असेल, उत्तरेकडे जायचं असेल, तर पास.

पास घेतलाच तर त्याचा दिवस किरकोळ प्रवासावर घालवू नका. कोपनहेगनहून माल्मोला ओरेसुंड पुलावरून जायला चाळीसेक मिनिटं लागतात. तेवढ्यासाठी तिकीट काढलेलं परवडतं. उलट एका दिवसात, मध्यरात्र ते मध्यरात्र, कितीही गाड्या बदलता येतात. आणि मध्यरात्रीपूर्वी निघणारी गाडी न बदलता सकाळी पोचत असाल तर फक्त निघण्याचा दिवस धरला जातो.

पासात काय येत नाही याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे नॉर्वेतली फ्लोम रेल्वे. मीरडाल स्टेशन समुद्रसपाटीपासून 867 मीटरवर, फ्लोम जवळजवळ पाण्याच्या पातळीला, आणि मधलं अंतर फक्त 20 किलोमीटर. वाटेत वीस बोगदे आणि 18 मीटरमागे एक मीटर असा उतार. ही गाडी सुंदर आहे यात वाद नाही, पण तिथे दोन्ही पासवर फक्त 30 टक्के सूट मिळते आणि बाकीचे पैसे भरावे लागतात. दोघांचं जाऊन-येऊन भाडं बजेटला चांगलंच जाणवतं. मीरडालपर्यंत नेणारी ओस्लो–बर्गन गाडी मात्र पासात पूर्ण येते आणि ती काही कमी नाही. 1909 मध्ये सुरू झालेला हा मार्ग 1222 मीटर उंचीवरच्या फिन्सेवरून जातो. त्या स्टेशनपर्यंत मोटारीचा सार्वजनिक रस्ताच नाही आणि जूनमध्येही आजूबाजूला बर्फ दिसतो.

फ्लोमऐवजी डोंबोस–ओंदाल्सनेस हा 114 किलोमीटरचा राउमा मार्ग घ्या, असं मी बजेटवाल्यांना सांगेन. चिलिंग नावाचा दगडी पूल, हिरवं फेसाळतं राउमा नदीचं पाणी, शेवटी ट्रोलवेगनचा उभा कडा, आणि हे सगळं पासच्या आत. गर्दीही कमी.

उत्तरेकडचा टप्पा पासचे पैसे खऱ्या अर्थानं वसूल करतो. ट्रॉनहाइम–बोडो हा 729 किलोमीटरचा नूर्लान मार्ग आर्क्टिक वृत्त ओलांडतो आणि पुढे रूळ संपतात. बोडो ते नार्विक रेल्वे नाही. बसनं साधारण सहा-सात तास, मध्ये फेरीबोटीसह. नार्विकला नॉर्वेतल्या इतर कुठल्याही स्टेशनाशी जोडणारी रेल्वे नाही, तिथली गाडी फक्त स्वीडनकडे जाते. जूनमध्ये गेलात तर बोडोला मध्यरात्रीचा सूर्य दिसतो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यानंतर तो तिथे क्षितिजाखाली जायला लागतो.

जोडीनं फिरण्याचा एकमेव रोख फायदाही इथेच होतो. नॉर्वेतल्या रात्रीच्या गाड्यांत दोन बर्थची खोली अख्खी विकली जाते. एकटा प्रवासी असला तरी तो पूर्ण खोलीचेच पैसे भरतो. दोघं असाल तर तीच रक्कम निम्मी होते आणि हॉटेलची एक रात्रही वाचते. ओस्लोतल्या साध्या हॉटेलचे दर पाहिलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. अशा खोल्या थोड्याच असतात, म्हणून पास सुरू करण्याआधी त्यांचं बुकिंग करा.

वेळेबद्दल थोडंसं. आपली उन्हाळ्याची सुट्टी एप्रिल-मेमध्ये येते, तेव्हा नॉर्वेच्या डोंगरांत अजून हिवाळाच असतो. तिकडचा उन्हाळा जून ते ऑगस्ट. त्यातही जुलैत नॉर्वे आणि स्वीडनमधले लोक एकदमच सुट्टीवर निघतात. गाड्या भरतात आणि रुळांच्या दुरुस्तीची मोठी कामंही याच दिवसांत काढतात, विशेषतः ओस्लोभोवती. काही टप्प्यांवर गाडीऐवजी बस मिळते. पास असला तर बसचे पैसे भरावे लागत नाहीत, पण वेळ जातो. म्हणून पहिली पसंती जून, दुसरी ऑगस्टचा उत्तरार्ध.

भारतातून निघणाऱ्यांनी पास आणि व्हिसा यांचा क्रमही पाहावा. चारही देश शेंगेनमध्ये आहेत, तेव्हा व्हिसा एकच लागतो. अर्ज ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच्याकडे. युरेलचा नेहमीच्या किमतीला घेतलेला पास सुरू करण्याआधी काही रक्कम कापून परत देता येतो, पण सवलतीच्या काळात घेतलेल्या पासला ही सोय असेलच असं नाही. व्हिसा हातात नसेल तर सवलत पाहून घाई करू नका. आणि मोबाइल पासवर नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच स्पेलिंगनं टाका. लग्नानंतर नाव बदललं असेल आणि पासपोर्ट जुन्या नावाचा असेल, तर पासही जुन्याच नावानं.