घोडा बोटीत बसून बोट ओढायचा ती गोष्ट

'इंधनाशिवाय फिरणारं चाक, आयुष्यभर फुकट वीज' असला व्हिडिओ परवा परत एकदा ग्रुपवर आला. अहो, फुकट काहीच फिरत नाही! मला तर त्यावरून अमेरिकेतल्या घोड्यांच्या फेरीबोटी आठवल्या. घोडा काठावरून दोराने ओढायचा असं बऱ्याच जणांना वाटतं, पण ते कालव्यात. इथे नदी आडवी पार करायची, मग काठ आणणार कुठून? म्हणून घोडाच बोटीवर.

न्यूयॉर्कच्या पाण्यात वाफेच्या बोटींची मक्तेदारी रॉबर्ट फुल्टन हा बोटी बांधणारा आणि त्याचा भागीदार लिव्हिंगस्टन यांच्याकडे होती, ती 1824 मध्ये सुप्रीम कोर्टाने मोडली. पण घोड्याला ही मक्तेदारी लागूच नव्हती, त्यामुळे ती मोडायच्या आधीच, 1814 पासून, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन आणि मॅनहॅटन या भागांमध्ये घोडाबोटी सुरू झाल्या.

सुरुवातीला घोडे डेकवर गोल गोल फिरायचे, त्यात जागा फार जायची. 1819 मध्ये बार्नाबस लँग्डनने घोडा जागेवरच ठेवायचं पेटंट घेतलं. डेकखाली एक मोठं आडवं लाकडी चाक, डेकला डाव्या-उजव्या बाजूला फटी, त्यातून चाकाची कड उघडी आणि तिच्यावर एकेक घोडा बांधलेला. घोडा पुढे पाऊल टाकतो पण पुढे जाऊ शकत नाही, मग पायाखालची फळी मागे सरकते. गंमत म्हणजे दोन घोड्यांची तोंडं उलट दिशांना! जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघी बायका बघा, एकीचा हात पुढे जातो तेव्हा दुसरीचा मागे येतो, पण जात्याची वरची तळी एकाच बाजूला फिरते, अगदी तसंच. मग दातेरी चाकांनी हे आडवं फिरणं एका दांड्यावर जायचं आणि दांडा बाजूची वल्ह्यांची चाकं फिरवायचा.

पण दोन घोडे म्हणजे साधारण दोन हॉर्सपॉवर, जेमतेम दीड किलोवॅट. चालायचं कसं? पाण्याचा विरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि शक्ती म्हणजे विरोध गुणिले वेग, म्हणजे घनाने. वेग दुप्पट हवा तर 2 च्या जागी 16 घोडे! म्हणून निवांत वेगात दोन घोडे पुरायचे. आणि इंधन होतंच की, गवत आणि ओट्स.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात बर्लिंग्टनजवळ लेक शँप्लेनच्या तळाशी, साधारण 15 मीटरवर, अशीच एक बोट 1983 मध्ये सोनार यंत्राने (ध्वनिलहरी सोडून पाण्याखालचं शोधणारं) सापडली. सुमारे 19 मीटर लांब, आणि ते आडवं चाक अजून तिच्यातच आहे.